विश्लेषण : ‘रन’ म्हणजे फक्त धाव नव्हे! एवढ्याशा इंग्रजी शब्दाला ६४५ अर्थ कसे?

दुकान मराठीत ‘चालते’, इंग्रजीत ते ‘रन’ होते, म्हणजे शब्दशः पळते. नाक मराठीत वाहते, इंग्रजीत तेही पळते. निवडणुकीला मराठी उमेदवार ‘उभा’ राहतो, अमेरिकेतला उमेदवार मात्र धावतो. बालवाडीतल्या चित्रांच्या पुस्तकात पळणाऱ्या मुलाच्या चित्राखाली जो शब्द असतो, तो ‘रन’ इंग्रजीतील सर्वाधिक अर्थांचे क्रियापद मानला जातो. ही केवळ भाषेची गंमत नाही. अपघातग्रस्ताच्या कुटुंबाने भरपाईसाठी कोणाकडे जायचे, आरोपीने सात वर्षे तुरुंगात काढायची की दहा, सुताराचे बिल तीन हजार होणार की सहा, हे सारे काही वेळा ‘रन’चा कोणता अर्थ धरला यावर ठरते.

नेमके किती अर्थ? मोजले कोणी?

इंग्रजी शब्दांचा सर्वांत मोठा ऐतिहासिक कोश म्हणजे ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’. त्याची कल्पना १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत मांडली गेली. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. शब्द केव्हा, कुठे आणि कोणत्या अर्थाने वापरला गेला, याची छापील उदाहरणे गोळा करून प्रत्येक अर्थ वेगळा नोंदवायचा, ही या कोशाची पद्धत.

१९८९ मध्ये वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. त्याचे ४३० अर्थ नोंदवले गेले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी नव्याने तपासण्याचे काम सुरू झाले. त्यात ‘रन’ची पाळी आली. कोशकार पीटर गिलिव्हर यांनी या एका शब्दावर नऊ महिने काम केले. २०११ मध्ये हे काम पुढे आले तेव्हा केवळ क्रियापद म्हणून ‘रन’चे ६४५ अर्थ भरले. नाम म्हणून होणारे अर्थ वेगळेच.

अर्थात हे ६४५ अर्थ एकमेकांपासून पूर्ण तुटलेले नाहीत. त्यात उपअर्थ आहेत, आता वापरातून गेलेले अर्थ आहेत आणि ‘रन आउट’, ‘रन ओव्हर’सारखे जोडप्रयोगही आहेत. ते सगळे इंग्रजी बोलणाऱ्यालाही पाठ नसतात. त्याला रोजच्या वापरातले काही डझन अर्थ पुरतात.

मूळ अर्थ कोणता होता?

पायांनी पळणे हा अर्थ जुना आहेच, पण द्रवाचे वाहणे हा अर्थही तितकाच जुना आहे. जुन्या इंग्रजीतील ‘रिन्नन’ या रूपाचे नातेवाईक आजही जर्मन भाषेत सापडतात. तिथे ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे झिरपणे, वाहणे. म्हणून नदी ‘रन’ होते, नळ ‘रन’ होतो, सर्दी झाली की नाक ‘रन’ होते आणि पहिल्या धुण्यात कपड्याचा रंग सुटला की तोही ‘रन’ होतो. जुलाबाला बोलीभाषेत ‘द रन्स’ म्हणतात. परदेशात नव्याने गेलेल्या विद्यार्थ्याने मित्राच्या तोंडून हे ऐकले, तर त्याने मॅरेथॉनच्या सरावाबद्दल विचारू नये, एवढे बरे!

पळणे आणि वाहणे या दोहोंत समान धागा आहे तो अखंड, न थांबता पुढे जाण्याचा. पुढचे बहुतेक अर्थ याच धाग्यावर ओवलेले आहेत. रस्ता नदीकाठाने ‘रन’ होतो, म्हणजे जातो. करार तीन वर्षे ‘रन’ होतो, म्हणजे लागू राहतो. वर्तमानपत्र बातमी ‘रन’ करते, म्हणजे छापते. चित्रपट ‘रन’ होतो, म्हणजे थिएटरात टिकतो. १९९५ मध्ये प्रदर्शित झालेला ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ मुंबईच्या मराठा मंदिरमध्ये हजार आठवड्यांहून अधिक काळ टिकला, तो त्याचा ‘रन’. मराठीत आपण ‘पिक्चर चालला’ म्हणतो.

एवढे अर्थ वाढले कशामुळे?

पहिले कारण म्हणजे वापर. जो शब्द जास्त वापरला जातो त्याला अर्थही जास्त फुटतात, हे अमेरिकी भाषा अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिले. लहान, सोपा, सर्वांच्या तोंडी असलेला शब्द नव्या गोष्टीसाठी चटकन उचलला जातो.

दुसरे कारण यंत्रांचे. औद्योगिक क्रांतीनंतर गिरण्या, आगगाड्या, मोटारी आल्या. नवी वस्तू आली की तिच्यासाठी नवे क्रियापद घडवण्यापेक्षा जुनेच वापरणे सोयीचे असते. त्यामुळे इंजिन ‘रन’ होऊ लागले, गाडी वेळापत्रकाप्रमाणे ‘रन’ होऊ लागली, कारखाना ‘रन’ करणारा मालक आला आणि शेवटी संगणकावर प्रोग्रॅम ‘रन’ होऊ लागला. त्यातले एकही पायांनी पळत नाही.

तिसरे कारण शेजारी शब्दांचे. ‘रन’च्या पुढे एक छोटा शब्द जोडला की अर्थ पार बदलतो. साखर ‘रन आउट’ झाली म्हणजे संपली, फलंदाज ‘रन आउट’ झाला म्हणजे बाद झाला. मित्राला ‘रन इन्टू’ केले म्हणजे तो अचानक भेटला, खांबाला ‘रन इन्टू’ केले म्हणजे गाडी आदळली. ‘रन ओव्हर’ म्हणजे वाहनाखाली चिरडणे, पण सभा ‘रन ओव्हर’ झाली म्हणजे ठरल्या वेळेपेक्षा लांबली.

मराठीत ‘धाव’ कुठे बसली, कुठे नाही?

क्रिकेटमध्ये ती पक्की बसली. पूर्वी इंग्लंडमध्ये धावा मोजण्यासाठी काठीवर खाचा पाडत, म्हणून धावेला ‘नॉच’ म्हणजे खाच म्हणत. नंतर ‘रन’ रूढ झाला आणि मराठीने त्याचे सरळ ‘धाव’ केले. त्यातून धावसंख्या, धावफलक, धावबाद असे शब्द तयार झाले. चेंडू सीमारेषेबाहेर थेट टोलवला की एकही पाऊल न धावता सहा धावा मिळतात, हे आता कोणाला विचित्र वाटत नाही. मराठीतही ‘धाव’ पायांपासून सुटली, ती अशी.

विमानतळाची ‘धावपट्टी’ आणि ‘धावते समालोचन’ हेही असेच मराठीत मुरले. शिवणकामातला ‘धावदोरा’ तर घरोघरी माहीत आहे. सुई पुढे पुढे घालत घातलेला तो सरळ टाका. इंग्रजीत त्याला ‘रनिंग स्टिच’ म्हणतात.

मात्र सगळीकडे ही धाव पेलत नाही. ‘ती कंपनी धावते’ असे म्हटले तर मराठी माणूस गोंधळेल. ती ‘कंपनी चालवते’. ताप धावत नाही, ‘येतो’ किंवा ‘चढतो’. धोका धावत नाही, ‘पत्करावा’ लागतो. निवडणुकीचे उदाहरण तर आणखी मजेदार आहे. अमेरिकी इंग्रजीत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश इंग्रजीत ‘स्टँड’ करतो. मराठी उमेदवार उभा राहतो तो ब्रिटिशांसारखा.

‘रनिंग फूट’, ‘रनिंग बिल’, ‘रनिंग रूम’ म्हणजे काय?

‘रन’चे काही अर्थ भाषांतर न होताच मराठी बोलण्यात आले आहेत.

• रनिंग फूट : फर्निचर, रेलिंग, पडदे, किचन ओटा यांच्या मोजमापात हा शब्द येतो. यात फक्त लांबी मोजली जाते, रुंदी नाही. समजा ओटा १० फूट लांब आणि २ फूट रुंद आहे. दर ‘३०० रुपये फूट’ ठरला. रनिंग फुटाने ३,००० रुपये होतात, चौरस फुटाने ६,०००. नुसते ‘फूट’ म्हणून ठरवलेल्या व्यवहारात वाद होतो तो इथेच.

• रनिंग बिल : बांधकाम चालू असताना झालेल्या कामापुरते वेळोवेळी दिले जाणारे बिल. काम पूर्ण झाल्यावरचे अंतिम बिल वेगळे. रनिंग बिल चुकते झाले म्हणजे हिशेब मिटला, असे नव्हे.

• रनिंग ब्लाउज : साडीला सलग जोडून येणारे, त्याच कापडाचे ब्लाउज पीस.

• रनिंग कंडिशन : जुन्या गाडीच्या जाहिरातीत हा शब्द हमखास असतो. गाडी चालू स्थितीत आहे एवढेच तो सांगतो. इंजिन उत्तम आहे किंवा कागदपत्रे पूर्ण आहेत, असे त्यातून ठरत नाही.

• रनिंग रूम : रेल्वेत लोको पायलट, सहायक लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर यांना ‘रनिंग स्टाफ’ म्हणतात. गाडी दूरच्या स्थानकावर पोहोचवल्यानंतर ते जिथे झोपतात, ती ‘रनिंग रूम’. नावात धाव असली तरी खोली विश्रांतीची.

‘हिट अँड रन’ : बातमीतला अर्थ आणि कायद्यातला अर्थ वेगळा?

हो, आणि हा फरक अपघातग्रस्तांच्या कुटुंबांनी समजून घेण्यासारखा आहे. बातम्यांमध्ये चालक पळून गेला की त्या अपघाताला ‘हिट अँड रन’ म्हटले जाते. दुसऱ्या दिवशी चालक पकडला गेला, गाडीचा क्रमांक मिळाला, तरी प्रकरणाचे नाव तेच राहते.

मोटार वाहन कायद्यात मात्र ‘रन’चा भर चालकाच्या पळण्यावर नाही, तर वाहनाची ओळख न पटण्यावर आहे. कलम १६१ नुसार, पुरेसे प्रयत्न करूनही ज्या वाहनाची ओळख पटू शकत नाही, त्या वाहनाने केलेला अपघात म्हणजे ‘हिट अँड रन’. अशा अपघातात मृत्यू झाल्यास २ लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये अशी ठरावीक भरपाई मिळते. ही वाढीव रक्कम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. त्यासाठीचा अर्ज महसूल विभागातील चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदार पातळीवर करायचा असतो.

वाहनाचा क्रमांक कळला असेल तर मार्ग बदलतो. मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करता येतो. तिथे मृताचे वय, उत्पन्न, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे यांचा विचार करून भरपाई ठरते आणि ती २ लाखांपेक्षा कितीतरी अधिक असू शकते. ‘बातमीत हिट अँड रन लिहिले आहे, म्हणजे दोन लाखच मिळणार’ हा समज त्यामुळे महागात पडू शकतो. आधी ठरावीक भरपाई घेतली आणि नंतर वाहन सापडून न्यायाधिकरणाकडून रक्कम मिळाली, तर आधीची रक्कम परत करावी लागते.

भारतीय न्याय संहितेत आणखी तिसरा अर्थ आहे. कलम १०६च्या पोटकलम २ नुसार, बेदरकार आणि निष्काळजी वाहन चालवण्यातून मृत्यू झाल्यावर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना लगेच न कळवता निघून गेल्यास १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. इथे कळवणे महत्त्वाचे आहे. ‘जमाव मारेल म्हणून आम्ही घटनास्थळावरून निघतो, तो गुन्हा कसा?’ असा ट्रकचालकांचा सवाल होता. जानेवारी २०२४च्या सुरुवातीला त्यांनी चाके थांबवली आणि राज्यात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, ती हे पोटकलम वगळूनच.

शिक्षा ‘रन’ होते म्हणजे काय?

न्यायालयाच्या इंग्रजी निकालपत्रात एकाच खटल्यात दोन-तीन कलमांखाली शिक्षा झाल्यावर एक वाक्य हमखास असते. शिक्षा ‘कॉन्करंटली रन’ होतील किंवा ‘कॉन्सिक्युटिव्हली रन’ होतील. पहिल्याचा अर्थ शिक्षा एकाच वेळी सुरू होऊन समांतर चालतील. दुसऱ्याचा अर्थ एक संपल्यावर दुसरी सुरू होईल. सात वर्षे आणि तीन वर्षे अशा दोन शिक्षा असतील, तर पहिल्या प्रकारात सात वर्षांत सुटका, दुसऱ्या प्रकारात दहा.

मराठी बातम्यांत पहिल्या प्रकारासाठी अनेकदा ‘शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत’ असे येते. ‘एकत्रित’ म्हणजे बेरीज, असा समज होऊन नातेवाईक दहा वर्षे धरून बसतात. ‘एकाच वेळी’ आणि ‘एकापाठोपाठ’ हे शब्द जास्त स्पष्ट आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत न्यायालयाने वेगळे सांगितले नाही तर शिक्षा एकापाठोपाठ, असा नियम होता. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५ नुसार आता गुन्ह्यांचे गांभीर्य पाहून न्यायालयानेच कोणत्या प्रकारे ते सांगायचे आहे.

बँकेवरचा ‘रन’ कसा असतो?

बँक बुडणार अशा भीतीने ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला धावतात, तो ‘बँक रन’. इथे मात्र धावणे जवळपास शब्दशः असते, निदान मोबाइल येईपर्यंत होते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँकेतून एकाच दिवसात ४२ अब्ज डॉलर काढण्याच्या मागण्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद करावी लागली. बहुतेकांनी शाखेपर्यंत पाऊलही टाकले नव्हते, सगळी धाव स्क्रीनवर झाली.

बँक ठेवींचा मोठा भाग कर्जाऊ देत असल्याने सुदृढ बँकही सर्वांना एकाच दिवशी पैसे देऊ शकत नाही. अफवेवरून झालेली धाव त्यामुळे खरेच बँक बुडवू शकते. भारतात ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. सहकारी बँकाही त्यात येतात.

नेमका अर्थ ओळखायचा कसा?

६४५ अर्थांची यादी पाठ करून उपयोग नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना आणि इंग्रजी कागदपत्रे हाताळणाऱ्यांना तीन प्रश्न पुरतात.

• ‘रन’ कोण होते आहे? माणूस, पाणी, यंत्र, करार की रस्ता? कर्ता कळला की निम्मे अर्थ गळतात.

• कशाला ‘रन’ केले जाते आहे? पुढे कर्म असेल तर बहुधा अर्थ ‘चालवणे’ असतो, उदाहरणार्थ हॉटेल, शाळा, संगणकीय प्रोग्रॅम.

• लगेच पुढे कोणता छोटा शब्द आहे? आउट, ओव्हर, इन्टू, अवे, डाउन यांपैकी काही असेल तर दोन्ही शब्द मिळून एकच क्रियापद समजावे आणि कोशात त्याच जोडीखाली अर्थ पाहावा.

मोबाइलवरील भाषांतराची ॲप्सही आजूबाजूचे शब्द पाहूनच अर्थ ठरवतात. म्हणून सुटा शब्द टाकला तर ‘धावणे’ मिळते, पूर्ण वाक्य टाकले तर बरोबर अर्थ मिळण्याची शक्यता वाढते. कायद्याच्या आणि पैशाच्या कागदांबाबत मात्र तेवढ्यावर विसंबू नये, जाणकाराकडून वाचून घ्यावे.

मराठीत असे शब्द नाहीत का?

भरपूर आहेत. आधी एक भेद. ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सरकारला द्यायचा पैसा आणि ‘हे काम कर’ ही आज्ञा. कोशात या वेगवेगळ्या नोंदी होतात. ‘रन’ तसा नाही. तो एकच शब्द आहे आणि त्याच्या अर्थांना फांद्या फुटल्या आहेत. मराठीत या जातीचा शब्द हवा तर ‘लागणे’ पाहावा. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, लळा लागतो. एसटी फलाटावर ‘लागते’ आणि घाटात तीच गाडी एखाद्याला ‘लागते’.

‘रन’ची खरी मराठी बहीण मात्र ‘चालणे’ हीच. घड्याळ चालते, खटला चालतो, धंदा चालतो, एखाद्याची जीभ फार चालते. ‘चालू’ खाते बँकेत असते आणि ‘चालू’ माणसापासून सावध राहावे लागते. गंमत म्हणजे चालू खात्याला इंग्रजीत ‘करंट अकाउंट’ म्हणतात आणि ‘करंट’ हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचा अर्थही धावणे असाच आहे. म्हणजे तिथले धावणारे खाते मराठीत चालू लागले.

मराठी शिकणाऱ्या परप्रांतीय सहकाऱ्याला ‘उपवासाला साबुदाणा चालतो, पोहे चालत नाहीत’ हे वाक्य ऐकवून पाहावे. ‘रन’ने मराठी विद्यार्थ्याचा होतो तेवढाच गोंधळ त्याचाही होईल.